खडी, हातोडा आणि जबडा : दगड फोडणाऱ्या यंत्राचा इतिहास

१/
मराठीत ‘खडी फोडायला जाणे’ म्हणजे तुरुंगात जाणे. सक्तमजुरी आणि खडी यांचे नाते आपल्या भाषेत इतके पक्के रुजले आहे. खडी मात्र सर्वत्र आहे : डांबरी रस्त्याखाली, रुळांखाली, काँक्रीटच्या प्रत्येक खांबात. ती फोडणे ही शिक्षा का ठरली, हे काम यंत्राकडे केव्हा गेले आणि यंत्र आल्यावरही झीज नेमकी कोणाची होत राहिली, याचा हा इतिहास.

२/
आरंभ खाणींपासून करावा लागतो. जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला या जर्मन विद्वानाचा ‘दे रे मेटालिका’ हा लॅटिन ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, बाझेल येथे छापला गेला. त्यातील लाकडी ठशांच्या चित्रांत जलचक्रावर चालणारी मुसळे दिसतात. फिरत्या आडव्या लाटेवरील खुंट्या मुसळ उचलतात आणि सोडून देतात. मुसळ स्वतःच्या वजनाने खाली येते आणि धातुकाचा दगड कुटला जातो. आपल्या उखळ-मुसळाचेच हे भव्य रूप.

३/
घरच्या मुसळाला टोकाशी लोखंडी वसवी असते, कारण नुसते लाकूड फार काळ टिकत नाही. खाणीतल्या मुसळालाही तसाच लोखंडी बूट बसवीत. तो झिजला की काढून नवा बसवायचा. दगड फोडणाऱ्या यंत्रांच्या इतिहासातील एक मूलभूत कल्पना येथे दिसते : दगडाला भिडणारा भाग झिजणारच. म्हणून तो वेगळा बनवावा, सहज निघेल असा ठेवावा आणि यंत्राचे उरलेले शरीर वाचवावे.

४/
त्याच ग्रंथात आणखी एक नोंद आहे. कोरड्या खाणींतील धूळ फुप्फुसांत जाऊन ती पोखरते, असे अ‍ॅग्रिकोला लिहितो. कार्पेथियन पर्वतातील खाणींच्या प्रदेशात एकामागून एक सात नवरे गमावलेल्या स्त्रिया आढळतात, असेही तो सांगतो. मुसळाचा बूट बदलण्याची सोय आणि माणसाच्या फुप्फुसाची हानी ही दोन्ही माहिती एकाच ग्रंथात शेजारी-शेजारी आहे. पुढची चार शतके या दोन गोष्टी सारख्या वेगाने पुढे गेल्या नाहीत.

५/
आता रस्त्यांकडे वळू. १८१६ मध्ये जॉन लाउडन मॅकअ‍ॅडम हा स्कॉटिश गृहस्थ ब्रिस्टलच्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. त्याचा सिद्धांत साधा होता. खाली मोठमोठ्या शिळा रचण्याची गरज नाही. कोरड्या, किंचित उंच जमिनीवर बारीक, टोकदार खडीचे थर घातले की वाहनांच्या वजनाने तुकडे एकमेकांत अडकतात आणि पृष्ठभाग घट्ट होतो. गोल गोटे घसरतात, फोडलेला दगड एकमेकांना धरून राहतो. म्हणून दगड फोडलेलाच हवा आणि एका मापाचा हवा.

६/
मॅकअ‍ॅडमने खडीच्या तुकड्याला ६ औंसांची, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमची मर्यादा घातली. उभे राहून मोठा घण मारण्यापेक्षा बसून लहान हातोडीने दगड फोडणे अधिक फायद्याचे, असा त्याचा आग्रह होता. बसून करायचे काम म्हटल्यावर ते स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांच्याकडेही देता येऊ लागले. रस्ता उत्तम झाला, पण त्याच्या प्रत्येक मैलामागे हजारो हातांची अखंड ठकठक उभी राहिली. मॅकअ‍ॅडमचे तंत्र जगभर पसरले, तशी ही ठकठकही पसरली.

७/
इंग्लंडमध्ये १८३४ च्या नव्या गरीब कायद्यानंतर गरीबगृहांची व्यवस्था कठोर झाली. एका रात्रीपुरता आसरा मागणाऱ्या भटक्यांना त्या बदल्यात काम करावे लागे आणि त्यांत खडी फोडणे हे नेहमीचे काम होते. काही ठिकाणी कोठडीच्या भिंतीत लोखंडी जाळी असे. दगड फोडून तुकडे त्या जाळीतून बाहेर ढकलायचे. जे तुकडे जात नसतील ते पुन्हा फोडायचे. गिल्डफर्ड येथे अशा कोठड्यांची इमारत आजही जतन केलेली आहे.

८/
या कामाकडे चित्रकारांचेही लक्ष गेले. गुस्ताव्ह कूर्बे याने १८४९ मध्ये ‘दगड फोडणारे’ हे चित्र रंगविले. त्यात एक म्हातारा आणि एक मुलगा आहे, आणि दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४५ मध्ये, हे चित्र नष्ट झाले. इंग्रज चित्रकार हेन्री वॉलिस याच्या १८५७ च्या चित्रात संध्याकाळच्या प्रकाशात एक खडी फोडणारा बसलेला दिसतो. प्रथमदर्शनी तो झोपला आहे असे वाटते. तो मेलेला आहे.

९/
याच वर्षांत सह्याद्रीत काय चालले होते? मुंबई–पुणे मार्गावरील बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला होता. पुढे घाटातून लोहमार्ग नेण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. २५ बोगदे खोदले गेले. १८६१ च्या सुमारास कामावर ४० हजारांहून अधिक मजूर होते. नंतरचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येताच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका चालू ठेवला.

१०/
दख्खनचा काळा बेसाल्ट लाव्हारसापासून बनलेला आणि अत्यंत चिवट. पहार, छिन्नी, घण आणि सुरुंगाची दारू एवढ्या साधनांवर तो फोडला गेला. महाराष्ट्रात या कामाशी वडार समाजाचे नाते पिढ्यानपिढ्यांचे. दगड वाहणारे गाडी वडार, मातीकाम करणारे माती वडार, जाती-पाटे घडविणारे पाथरवट अशी कामावरूनच नावे पडली. घाटाच्या कागदपत्रांत अभियंत्यांची नावे ठळक आहेत. मजुरांची मोजणी बहुतेक आकड्यांत आहे.

११/
बोरघाटाचे काम चालू असतानाच अमेरिकेत एक यंत्र जन्माला आले. १८५२ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन गावाने वेस्टव्हिलपर्यंतच्या व्हॅली अ‍ॅव्हेन्यू या सुमारे २ मैल रस्त्यावर मॅकअ‍ॅडम पद्धतीची खडी घालायचे ठरविले. देखरेखीचे काम एलाय व्हिटनी ब्लेक याच्याकडे आले. तो येल विद्यापीठाचा पदवीधर आणि कुलपे-कड्यांच्या कारखान्याचा मालक होता. एवढा दगड हाताने फोडायचा तर वेळ आणि खर्च किती, हे पाहून तो यंत्राच्या विचाराला लागला. १५ जून १८५८ रोजी त्याला पेटंट मिळाले.

१२/
ब्लेकने हातोड्याची नक्कल केली नाही, हे त्याच्या विचाराचे वैशिष्ट्य. त्याने जबडा घेतला. एक लोखंडी पाट स्थिर, दुसरा किंचित तिरपा आणि हलता. वरून रुंद, खाली निमुळती अशी फट. हलता पाट थोडासाच पुढे येतो, पण प्रचंड दाबाने. दगड तडकतो, पाट मागे गेला की तुकडे खाली सरकतात, अरुंद जागी पुन्हा दाबले जातात. खालच्या फटीतून जाण्याइतके लहान झाल्यावरच ते बाहेर पडतात. गरीबगृहाच्या जाळीचे काम आता ही फट करू लागली.

१३/
यंत्राचा प्राण म्हणजे टॉगल पट्ट्या. उत्केंद्री दंड फिरला की त्याला जोडलेला दांडा वर-खाली होतो. त्याच्या दोन बाजूंना कोनात टेकलेल्या पट्ट्या सरळ होत जातात आणि जबड्याला ढकलतात. गुडघा सरळ करताना पायाला मिळणारा जोर हेच तत्त्व. जबडा दगड दाबतो तो अर्ध्याच फेऱ्यात, उरलेल्या अर्ध्यात तो मोकळा असतो. त्या मोकळ्या वेळातील शक्ती जड गतिचक्र साठवून ठेवते आणि दाबाच्या क्षणी परत देते.

१४/
पुढे या टॉगल पट्टीला आणखी एक काम मिळाले. दगडांबरोबर घणाचे डोके किंवा पहारीचा तुकडा जबड्यात गेला, तर काहीतरी मोडणारच. मग काय मोडावे हे आधीच ठरविले तर? पट्टी मुद्दाम इतर भागांपेक्षा कमकुवत ठेवली जाऊ लागली. संकटात ती तुटते आणि महागडा दंड व सांगाडा वाचतो. विजेच्या मीटरजवळ फ्यूज असतो तसेच हे. म्हणूनच तुटलेल्या पट्टीच्या जागी हाताशी असलेला जाड पोलादी तुकडा बसविणे ही बचत ठरत नाही. पुढच्या वेळी दंडच मोडतो.

१५/
यंत्र चालले, तशा नकलाही निघाल्या. ब्लेकच्या आयुष्याचा मोठा काळ पेटंटच्या रक्षणात गेला आणि ‘ब्लेक विरुद्ध रॉबर्टसन’ हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. त्याचे यंत्र रस्त्यांपुरते राहिले नव्हते. खाणींना धातुक कुटण्यापूर्वी मोठे दगड लहान करून हवे होते, रेल्वे कंपन्यांना रुळांखाली घालायला खडी हवी होती. दगड खाणारे यंत्र आता विकत घेण्याची, आणि म्हणून सुट्या भागांसह पुरविण्याची वस्तू झाली.

१६/
सुट्या भागांचा विषय निघाला की ब्लेकच्या मामाची गोष्ट येते. त्याचा मामा म्हणजे कापसातील सरकी काढण्याच्या यंत्रासाठी प्रसिद्ध असलेला एलाय व्हिटनी. १७९८ मध्ये त्याने अमेरिकन सरकारशी १० हजार बंदुका दोन वर्षांत देण्याचा करार केला. १८०१ मध्ये त्याने नेत्यांपुढे बंदुकांचे भाग अदलाबदल करून जोडून दाखविले. ‘कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसतो’ या कल्पनेचा जनक म्हणून शाळेच्या पुस्तकांत त्याचे नाव गेले.

१७/
१९६० मध्ये रॉबर्ट वुडबरी या इतिहासकाराने ही आख्यायिका तपासली. व्हिटनीच्या उपलब्ध बंदुकांचे भाग प्रत्यक्षात एकमेकांना बसत नव्हते. करार पुरा व्हायलाही १८०९ उजाडले होते. अदलाबदलीच्या भागांची कल्पना फ्रान्समध्ये त्यापूर्वीच मांडली गेली होती आणि ती अमेरिकेत खऱ्या अर्थाने साधली ती पुढे, हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉल याने. मोजमापे, साचे आणि तपासणी यांचे ते कष्टाचे काम होते. एका प्रात्यक्षिकाने ते झाले नव्हते.

१८/
व्हिटनीच्या मृत्यूनंतर काही वर्षे त्याचा बंदुकांचा कारखाना ब्लेक आणि त्याचा भाऊ यांनीच चालविला होता. सुटा भाग दूरवर नेऊन जसाच्या तसा बसणे म्हणजे काय, हे ब्लेकला कारखान्यातून ठाऊक होते. १८४१ मध्ये इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ याने स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचविले होते. अशी प्रमाणे रुळल्यावाचून हजारो मैलांवरच्या खाणीत नवा बोल्ट आणून बसविणे शक्य नव्हते. यंत्र विकत घेणाऱ्याला त्याचे भाग मिळण्याचा भरवसाही विकत घ्यावा लागतो.

१९/
तरीही मूळ प्रश्न उरला होता : जबड्याच्या पाटाची झीज. साचा वेगाने थंड करून कडक केलेले बिडाचे पाट वापरले जात. ते कडक असत, पण ठिसूळ. मऊ लोखंड चिवट, पण लवकर झिजणारे. कडकपणा आणि चिवटपणा एकाच धातूत हवे होते. याचे उत्तर शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्ड या तरुणाने १८८२ मध्ये शोधले. योगायोगाने त्याचा जन्म १८५८ चा, म्हणजे ब्लेकच्या पेटंटच्या वर्षीचा.

२०/
पोलादात थोडे मँगनीज वाढविले की ते ठिसूळ होते, हे तेव्हा सर्वमान्य होते. म्हणून लोक तिथेच थांबत. हॅडफिल्ड पुढे गेला. मँगनीज सुमारे १२ टक्क्यांपर्यंत नेऊन, लालभडक तापलेले पोलाद पाण्यात विझविल्यावर ते विलक्षण चिवट झाले. त्याहून नवल पुढे होते. त्यावर जितके घाव बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कडक होतो आणि आतला भाग चिवटच राहतो. क्रशरचे पाट, रुळांचे सांधे, पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे यांत हे पोलाद गेले.

२१/
या पोलादाची एक अट आहे. ते कडक होते ते जोरदार दाबाने आणि घावाने. नुसत्या घासण्याने ते कडक होत नाही, उलट लवकर झिजते. म्हणून कोणत्या दगडासाठी कोणता पाट, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारावा लागतो. जबड्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा अधिक झिजतो, म्हणून अनेक पाट उलटे फिरवून पुन्हा वापरता येतील असे बनवितात. झीज वाढली की फट रुंदावते आणि खडी मोठी पडू लागते. जाणता मिस्त्री खडीच्या आकारावरूनच पाटाची अवस्था ओळखतो.

२२/
ब्लेकच्या जबड्याला प्रतिस्पर्धीही मिळाला. १८८१ मध्ये फिलेटस गेट्स याला भोवरा क्रशरचे पेटंट मिळाले. उभ्या शंकूभोवती वर्तुळाकार फट असते आणि शंकू डुलत-डुलत सतत कुठल्या तरी बाजूने दगड दाबतो. त्यात मोकळा अर्धा फेरा नाही. १८८३ मध्ये कनेक्टिकटमधील मेरिडन येथे दोन्ही यंत्रांची शर्यत लागली. प्रत्येकी ९ घनयार्ड दगड. गेट्सच्या यंत्राने ते साडेवीस मिनिटांत संपविले, ब्लेकच्या यंत्राला साडेचौसष्ट मिनिटे लागली.

२३/
शर्यतीवरून पाहता जबडा क्रशर इतिहासजमा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. मोठमोठ्या खाणींनी भोवरा क्रशर स्वीकारला. लहान-मध्यम खाणींत जबडाच टिकला. त्याचे कारण दुरुस्तीत आहे. झिजणारे मुख्य भाग म्हणजे दोन पाट आणि टॉगल पट्टी. ते गावातल्या वर्कशॉपच्या आवाक्यातील साधनांनी बदलता येतात. यंत्राची किंमत एकदाच द्यावी लागते, झिजणाऱ्या भागांची किंमत यंत्र चालेपर्यंत. आज आपल्याकडील खाणीत पहिला दगड बहुधा जबड्यातच पडतो.

२४/
यंत्र आले म्हणून हाताने खडी फोडणे संपले काय? १९७२ च्या दुष्काळाकडे पाहावे. महाराष्ट्रात लाखो कुटुंबे दुष्काळी कामांवर गेली. पाझर तलाव, बंधारे, रस्ते आणि खडी फोडणे. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. शेतकऱ्यांच्या, बागाईतदारांच्या हातीही हातोडी आली. यंत्राने हे काम लवकर आणि स्वस्तात झाले असते. पण खडी हा येथे मुख्य हेतू नव्हता. लोकांना मजुरी मिळणे हा हेतू होता.

२५/
म्हणून गरीबगृहातली खडी आणि दुष्काळातली खडी एकाच तराजूत तोलू नये. पहिलीत गरिबाला कामाने परावृत्त करण्याचा विचार होता. दुसरीतून काम मागण्याचा हक्क पुढे आला. १९७७ मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. तरीही त्या पिढीच्या आठवणींत हाताचे फोड, डोळ्यांत उडणाऱ्या कपच्या आणि सुकडी एकत्रच राहिल्या. हक्काचे काम झाले तरी शरीराची झीज कमी झाली नव्हती.

२६/
आता यंत्राच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे. फेब्रुवारी १९८२ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. दिल्लीजवळच्या फरिदाबाद जिल्ह्यातील दगडखाणींत महाराष्ट्र, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान येथील मजूर अमानुष अवस्थेत राबत आहेत, असे त्यात होते. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. १६ डिसेंबर १९८३ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पीठाने निकाल दिला आणि त्यात एकूण २१ निर्देश होते.

२७/
त्या निर्देशांतील दोन येथे महत्त्वाचे. सुरुंगाची दारू आणि भोके पाडण्याचा खर्च मजुरांच्या कमाईतून जात होता. तो त्यांच्यावर पडू नये, असे न्यायालयाने सांगितले. दुसरा निर्देश धुळीचा. क्रशरमालकांनी दोहोंपैकी एक उपाय करावा : यंत्रावर पाण्याचे पिंप ठेवून सतत पाण्याचा फवारा मारावा, किंवा धूळ ओढून घेणारे यंत्र बसवावे.

२८/
एक पिंप, एक नळी आणि पाणी. मँगनीज पोलादाच्या एका पाटापुढे या सामानाची किंमत ती काय! तरी ते बसविण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लिहून सांगावे लागले. धूळ फुप्फुसांत जाते हे अ‍ॅग्रिकोलाला १५५६ मध्ये ठाऊक होते. १७०० मध्ये इटालियन वैद्य रामाझ्झिनी याने दगडकामगारांच्या आजारांवर लिहिले. १८७० मध्ये या विकाराला ‘सिलिकोसिस’ हे नावही मिळाले. ज्ञानाची उणीव नव्हती.

२९/
उणीव हिशोबाची होती. पाट झिजला की खडीचा आकार बिघडतो, ग्राहक परत जातो, मालकाला त्याच आठवड्यात तोटा दिसतो. म्हणून पाट वेळेवर बदलला जातो. फुप्फुस झिजते ते वर्षानुवर्षे, आणि त्याचा खर्च मजुराच्या घरात, बहुधा खाण सुटल्यावर, दूरच्या गावी उमटतो. खाणीच्या वहीत तो कधीच येत नाही. कायदा आणि न्यायालय यांचे काम हा खर्च त्या वहीत आणण्याचे होते आणि ते आजही पुरे झालेले नाही.

३०/
रस्त्याने जाताना कुठे धुळीने पांढरी झालेली झाडे आणि खडीचे ढीग दिसले, की तेथे ब्लेकचा जबडा आणि हॅडफिल्डचे पोलाद काम करीत आहेत असे समजावे. यंत्राच्या वर पाण्याचा फवारा चालू आहे का, तेही पाहावे. तो चालू असेल, तर १९८३ च्या त्या निकालातील किमान एक ओळ तेथपर्यंत पोहोचली आहे.